दहावं मशीन

"सर, पाळी आलेल्या मुलीनं कॉम्प्युटरला हात लावला तर कॉम्प्युटर बिघडतो का?"

मी हे विचारलं तेव्हा बेंडल सर फळ्यावर माउसचं चित्र काढत होते. माउसच्या शेपटीशी येऊन खडू थांबला. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं ते ऐकू यायला लागलं. मागच्या बाकावरून तस्नीमने माझ्या पाठीत हळूच पेन टोचलं, म्हणजे शाब्बास. पैज तिची आणि स्वरदाची होती. भर वर्गात विचारायचं, मुलांसमोर विचारायचं, आणि 'अडचण' नाही, 'प्रॉब्लेम' नाही, सरळ 'पाळी' म्हणायचं. मी तेव्हा नववीत होते, नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते आणि कुणी कसलीही पैज लावली तरी घेत होते. आता बारावीत आहे. पैजा जरा कमी झाल्यात, एवढंच.

पण प्रश्न काही उगाच नव्हता. कोंडसईच्या आमच्या शाळेला विलणकर नावाच्या माजी विद्यार्थ्याने पुण्याहून दहा कॉम्प्युटर दिले होते, आणि बेंडल सरांनी त्या खोलीचं देवघर करून टाकलं होतं. चपला बाहेर. पाय धुऊन आत. समोर सरस्वतीची तसबीर, प्रत्येक मशीनवर भरतकाम केलेलं कव्हर. आणि ज्या मुलीला अडचण असेल तिने आत पाऊल ठेवायचं नाही. व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं, तिने तिथे बसायचं. म्हणजे अख्ख्या शाळेला कळणार, आज कोण कोण. मुलं त्याला कावळ्यांचं बाकडं म्हणायची आणि जाता-येता तोंडातल्या तोंडात काव काव करायची. मान खाली घालून तिथे बसलं की आपल्या अंगाला खरंच काहीतरी घाण लागलीय असं वाटायचं. मी बसलेय ना, म्हणून सांगते.

यात सगळ्यात भारी गोष्ट ही, की आत गेलेल्या मुलीही काही करत नव्हत्या. पावसाळ्यापासून एकही मशीन चालू होत नव्हतं. आत जाऊन आम्ही काळ्या पडद्यांसमोर बसायचो आणि कीबोर्डचे उपयोग वहीत उतरवून घ्यायचो.

सरांचे कान लाल झाले. हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, असं त्यांनी मला नाही, छताच्या पंख्याला सांगितलं. इथे मी खाली बसायला हवं होतं, पैज जिंकून झाली होती. पण माझं तोंड सुटलं होतं. मी विचारलं की मशीन तर आधीच बंद पडलीत, मग आम्ही बाहेर बसून वाचवतो काय?

मुलंसुद्धा हसली. तेच सरांना लागलं असणार.

"फार येतं ना तुला, घाग?" सर म्हणाले. "विलणकरांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह पाठवलाय. मला स्वतःला जमलं नाही ते. तू करून दाखव. दहाच्या दहा मशीन चालू करून दाखव, त्या दिवशी नियम काढतो."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा. विलणकर यायच्या आत."

त्यांनी ते हसण्यावारी न्यायला म्हटलं होतं, पण पन्नास जणांच्या समोर म्हटलं होतं. मुख्याध्यापिका सरपोतदार बाईंनाही वेगळी काळजी होतीच. स्नेहसंमेलनाला विलणकर प्रमुख पाहुणे होते आणि त्यांना त्यांचेच बंद पडलेले कॉम्प्युटर दाखवायचे कसे? बाईंनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं, यापरता आणखी काय बिघडणार असं म्हणाल्या आणि शाळा सुटल्यावर सर हजर असतील तेवढा वेळ मला, तस्नीमला आणि स्वरदाला खोली दिली.

लिनक्सबद्दल मला तेव्हा एवढंच माहीत होतं की ते विंडोजच्या जागी घालतात आणि फुकट मिळतं. बाकीचं मी बाबांच्या मोबाइलवर शिकले. आई भाकऱ्या थापायची आणि मी चुलीपाशी बसून एका माणसाचे हिंदी व्हिडिओ बघायचे. पेनड्राइव्ह लावा, मशीन चालू होता होता एक बटण दाबत राहा, यादी आली की पेनड्राइव्ह निवडा, पुढचं ते आपलं आपण विचारतं. तो माणूस म्हणायचा, दस मिनट का काम है. त्याने आमची मशीन बघितली नव्हती.

पहिल्याच दिवशी पेनड्राइव्ह आत जाईना. समोरच्या खाचेत अर्धा जाऊन अडला. उलटा करून बघितला, सरळ करून बघितला. सर दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते; म्हणाले, मी सांगितलं होतं, माल खराब आहे. स्वरदाने मोबाइलचा उजेड धरला आणि मी खाचेत डोकावले. आत काहीतरी होतं, काळपट, बोळ्यासारखं. केसातला आकडा काढून मी ते उकरलं. आधी राख आली, मग कागदाची पाचर, मग उदबत्तीची काडी.

शेजारच्या मशीनमध्येही काडी. त्याच्या शेजारच्याही. दहाही मशीनच्या समोरच्या खाचांत उदबत्त्यांची बुडखी तुटून बसली होती.

आणि मग आम्हा तिघींना एकदमच कळलं. खंडेनवमी. दरवर्षी सर या खोलीत यंत्रांची पूजा करायचे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. उदबत्ती उभी करायला प्रत्येक मशीनसमोर घर कुठून आणणार? समोर आयतीच भोकं होती. काडी हलू नये म्हणून कागदाची पाचर. डोकं होतं हो, नव्हतं असं नाही.

मग तस्नीमने सीडीचा ट्रे उघडायचं बटण दाबलं. ट्रे करकरत बाहेर आला आणि तिने जी किंचाळी मारली ती मला अजून ऐकू येते. ट्रेमध्ये पेढा होता. म्हणजे पूर्वी कधीतरी पेढा होता. आता त्याला करडी लव फुटली होती, कडेने मुंग्या वाळून चिकटल्या होत्या आणि मधोमध एक झुरळ बसलं होतं, जिवंत, मिशा हलवत, जणू आम्हीच त्याच्या घरात न विचारता घुसलो होतो. कुणीतरी ट्रेला नैवेद्याची ताटली समजून प्रसाद ठेवला होता आणि तो मशीनने गिळला होता.

"सर, हे तुम्ही ठेवलं होतं?" मी विचारलं.

सर आले, बघितलं, नाकाला रुमाल लावला. "ठेवलं असेल कुणीतरी," म्हणाले. "हात धू त्याला लावल्यावर. शी."

ते शी मला म्हणाले की पेढ्याला, हे कळलं नाही.

मशीनचे डबे उघडल्यावर तर विचारू नका. कुंकवाचं पाणी जाळीतून आत ओघळून तारांवर सुकलं होतं, त्याला धूळ चिकटून लाल-काळे गोळे झाले होते. अक्षता होत्या. एका डब्यात पालीची अंडी, एकात पालच, सुकून कागदासारखी झालेली, पंख्याच्या पात्यात अडकलेली. उंदराच्या लेंड्या मी आधी मिरी समजले, कारण मिरी सापडली असती तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. स्वरदाला दर दहा मिनिटांनी उमासे यायचे, ती बाहेर जाऊन यायची आणि पुन्हा उजेड धरायची. तस्नीम जुन्या टूथब्रशने घासायची. मी मास्क लावून, हाताला दुधाच्या पिशव्या बांधून एकेक वस्तू बाहेर काढायचे. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी जेवताना तोच वास यायचा. दोडक्याची भाजी मी त्या आठवड्यात सोडली ती आजतागायत.

त्या पेढ्यानंतर सर दारातल्या खुर्चीवरून उठले नाहीत. खोली पवित्र होती, पण तिच्या आत हात घालायची त्यांची तयारी नव्हती.

साफ केल्यावरही मशीन लगेच ऐकत नव्हती, पण आता निदान बोलत होती. काही नुसतीच बीप बीप ओरडायची. व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं तशी मी आतली रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि परत बसवली, की ओरडणं बंद. पहिल्या मशीनच्या पडद्यावर जेव्हा पेनड्राइव्हचं नाव उमटलं तेव्हा तस्नीम टूथब्रश घेऊन नाचली. मग भाषा विचारली, मराठी निवडली, आणि सगळा पडदा मराठीत बोलायला लागला. जुनं सगळं पुसून टाकू का, असंही त्याने विचारलं. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कशाला हो म्हटलं नव्हतं.

पण लिनक्स बसलं आणि मशीन पुन्हा चालू केलं की चिन्ह दिसायचं आणि पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळा. दोन दिवस मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून नखं खाल्ली. तिसऱ्या दिवशी सापडलं की या जुन्या मशीनना चित्र दाखवायची नवी पद्धत झेपत नाही. चालू होताना मध्येच थांबवून एका ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' एवढा शब्द लिहायचा. लिहिला. निळाशार पडदा आला, त्यावर डोंगराचं चित्र. मग तोच शब्द कायमचा कसा लिहून ठेवायचा तेही शोधलं, नाहीतर रोज कोण लिहीत बसणार.

अशी एकामागून एक मशीन उठली. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी नऊ चालू होती. सरपोतदार बाई येऊन बघून गेल्या, एका मशीनवर त्यांनी स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं आणि दोनदा वाचलं. दहावं तेवढं राहिलं होतं.

दहाव्यात चित्रासाठी वेगळं कार्ड होतं आणि ते मेलं होतं. मी ते उपटून काढलं, केबल मागच्या दुसऱ्या जागेत लावली, डबा उघडाच ठेवून मशीन चालू केलं. आलं. लिनक्स बसायला लागलं, पडद्यावरची पट्टी हळूहळू भरायला लागली. निम्म्याच्या वर गेली तेव्हा स्वरदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, केतकी, मागे बघ.

स्कर्टला डाग होता. तारखेच्या चार दिवस आधी. तस्नीमने आपली ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली. मी पुन्हा खाली बसले, कारण पट्टी अजून भरायची होती. पण आमची कुजबुज सरांनी बघितली होती, आणि ओढणी कुठून कुठे गेली तेही. ते खुर्चीवरून उठले. पेढ्यानंतर पहिल्यांदाच उठले.

"घाग, तुला काही… म्हणजे, बाहेर बसायचंय का?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. ते काही तपासणार नव्हते. पण ज्या तोंडाने मी भर वर्गात तो प्रश्न विचारला होता, त्याच तोंडाने आता नाही म्हणायचं?

"पाळी आलीय सर. पण बाहेर नाही बसायचं. एवढं होत आलंय."

"आत सरस्वती आहे," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. पेढ्याच्या वेळी हेच आलं होतं. फरक इतकाच की पेढ्याच्या वेळी ते कुठे बघू नि कुठे नको असे झाले होते आणि आता सरळ माझ्याकडे बघत होते. "उद्या पाहुणे यायचेत. ऊठ. हात लावू नकोस कशाला. ऊठ आधी."

मी उठले. आजही सांगताना मला त्याचाच राग येतो, पण मी उठले. व्हरांड्यात जाऊन त्या बाकड्यावर बसले. खिडकीतून दहावं मशीन दिसत होतं, आणि पट्टी पाऊण झाली होती.

सरांनी तसबिरीखालचं कपाट उघडलं. बाटली काढली. दारावरच्या तोरणातलं आंब्याचं पान तोडलं. मला वाटलं उंबऱ्यावर शिंपडतील, माझ्या खुर्चीवर शिंपडतील. त्यांनी तेही केलं. मग ते मशीनकडे वळले, कारण मी हात लावला होता तो मशीनला. मी खिडकीशी धावले, गज धरून सांगितलं की सर, डबा उघडा आहे, आत करंट आहे. स्वरदाने सांगितलं. तस्नीमने तर मध्ये हात घातला. त्यांनी तिला बाजूला सारलं आणि एकेका मशीनवर पानाने गोमूत्र शिंपडत, काहीतरी पुटपुटत दहाव्यापर्यंत आले. उघड्या डब्यावर जरा जास्तच शिंपडलं.

फट् असा आवाज झाला. पांढरा धूर आला, मग वास आला, जळक्या प्लास्टिकचा आणि गोमूत्राचा मिळून एक. पडदा काळा झाला आणि त्यावर मग कुठलाच शब्द लिहून काही होणार नव्हतं.

सरांच्या हातातलं पान तसंच वर राहिलं. मग ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "बघितलंस? उगाच नसतात नियम."

मला आधी वाटलं, चेष्टा करतात. नव्हते करत.

अर्ध्या तासात आई-बाबा शाळेत हजर. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमधून तसेच ग्रीसच्या हातांनी आले होते. सरपोतदार बाईंच्या टेबलावर दहावं मशीन ठेवलं होतं आणि त्याच्यासमोर आम्ही सगळे उभे होतो, मयताला जमल्यासारखे. सरांनी सांगितलं की हिला अडचण असताना ही आत बसली, हिने नको ते कार्ड उपटलं आणि मशीन जळलं. बाटलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घेतलं. बाई म्हणाल्या, सर तुझ्यापेक्षा मोठे आहेत, आणि शिंतोड्याने कुठे मशीन जळतात का? तस्नीम-स्वरदाला त्यांनी बोलावलंच नाही.

"नियम होता ना?" बाईंनी मला विचारलं. "मग नियम पाळायला काय जात होतं?"

आणि आई पुढे झाली. माझी आई, जी बाजारात भेंडी किडकी निघाली तर परत जाऊन बदलून आणते. ती हात जोडून म्हणाली, "चुकलं तिचं बाई. पोरबुद्धी. पदरात घ्या."

बाबा मशीनवर वाकले होते. त्यांनी जळलेल्या जागेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मला दिसलं की त्यांना कळलंय. मी वाट बघत राहिले आणि बाबांनी खिशातून चिंधी काढून बोट पुसलं, नीट, नखाच्या कडेनेसुद्धा, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ठरलं ते असं. नऊ मशीन पाहुण्यांना दाखवायची, सर माहिती सांगतील. घागने उद्या खोलीत यायचं नाही. दहाच्या दहा झाली नाहीत, तेव्हा नियम आहे तसाच.

घरी पोचलो. पायरीशी आल्यावर आईने नेहमीसारखं सांगितलं की तिथेच थांब, आणि ती आत जाऊन माझी चटई, वेगळी चादर आणि ते ताट घेऊन आली. कोनाड्यात पालथं ठेवलेलं ते ताट महिनाभर माझी वाट बघायचं. तिने सगळं पडवीच्या कोपऱ्यात मांडलं, चटईची सुरकुतीसुद्धा पायाने सरळ केली. रागाने नाही हं. मायेनेच.

बाबा ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"बाबा, मशीन कशानं जळलं?"

"पाणी गेलं आत," ते खालीच बघून म्हणाले.

"कसलं पाणी?"

"वास येत होता की."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, अजून दहावी काढायचीय तुला त्या शाळेत," बाबा म्हणाले. "मास्तराशी वाकडं घेऊन चालतं का? चार दिवसांनी विसरतील सगळे."

आई म्हणाली, "आणि तुला तरी काय गरज होती तोंड वर करून सांगायची? गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

गेले कितीतरी दिवस मी पालीची अंडी हातात घेतली होती, झुरळांचे पाय चिमटीत धरून काढले होते, आणि दर वेळी साबणाने हात धुतला की ते गेलं होतं. आता मी बाबांच्या त्या बोटाकडे बघत होते. स्वच्छ पुसलेलं बोट.

मी चटईवर बसले नाही. दप्तर पाठीवर तसंच ठेवून उंबरा ओलांडला, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"आजपासून मी बाजूला बसणार नाही. घरात नाही आणि शाळेतही नाही. उद्या विलणकर येतील तेव्हा मी खोलीच्या आत मशीनसमोर बसलेली असेन, आणि दहावं का बंद आहे असं त्यांनी विचारलं तर सांगेन. आई, मला भूक लागलीय, मी इथेच आत जेवणार. तुमच्यापैकी कुणाला चालत नसेल, तर पडवीत चटई घातलेली आहे."